लाळेचा निवाडा

मनवा कर्णिकला तीन जोडपी हवी होती, आणि ती काही केल्या मिळत नव्हती.

दातांच्या कॉलेजात तिचं एमडीएसचं शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय तिनेच हौसेने निवडलेला. आपल्या लाळेत भात, पाव, बटाटा असले पिठूळ पदार्थ फोडणारं एक एन्झाइम असतं. कुणाच्या लाळेत ते भरपूर, कुणाच्यात बेताचं. त्याचा दातांवर साचणाऱ्या थराशी आणि दात किडण्याशी काही संबंध लागतो का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी साठीच्या पुढची, निदान पंचवीस वर्षं एकाच चुलीवरचं जेवलेली वीस जोडपी घ्यायची. म्हणजे जेवण तेच, पाणी तेच, लाळ तेवढी ज्याची त्याची. तिचे गाइड डॉक्टर गुप्ते यांना ही युक्ती आवडली होती. पण आवडलेल्या गोष्टीलाही ते तारीख घालून देत. नमुने जमवायच्या तारखेला दहा दिवस उरले होते.

सतरा जोडपी दादरमध्येच जमली. मनवाची आई सुचित्रा बँकेत होती. तिने निवृत्त सहकाऱ्यांना फोन करकरून गळ घातली आणि त्या बिचाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी येऊन नळीत लाळ गाळली. पण आईची वही संपली आणि जोडपीही संपली. उरलेल्या तीन जोडप्यांसाठी कुणीतरी घोडपदेवचं नाव सुचवलं. तिथल्या एका चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी गणपतकाका सज्जन होते. त्यांनी मंडळाची खोली उघडून दिली, टेबल-खुर्च्या मांडल्या, आणि मनवाने करून आणलेला फलक स्वतः स्टुलावर चढून दारावर बांधला.

सोमवारी सकाळी सात वाजता मनवा पांढरा कोट घालून बसली. बर्फाचा डबा, नळ्या, हातमोजे, सगळं हाताशी. आठ वाजले. साडेआठ झाले. माणसं खोलीसमोरून जात, वर पाहत आणि पावलं उचलून पुढे सटकत. एका बाईने तर नाकाला पदर लावला. मनवा मुळात बुजरी. प्रयोगशाळेत दहा-दहा तास एकटी रमेल, पण अनोळखी माणसाला हाक मारायची म्हटली की तिच्या घशाला कोरड पडायची. ती नळ्या मोजत बसली. त्या पहिल्यांदा मोजल्या तेव्हा भरल्या तेवढ्याच होत्या.

पावणेनऊला दारात एक बाई येऊन उभी राहिली. चौसष्ट-पासष्टची असेल. नऊवारी कोळी पद्धतीने घट्ट कसलेली, कानांत जड सोनं, दोन्ही हात कमरेवर.

"काय गो पोरी, कोणाला टीबी झालाय?"

"टीबी?" मनवा गडबडून उभी राहिली. "नाही हो आजी. टीबी कुठे आहे?"

"मग वर काय लिवलंय? मोफत थुंकी तपासणी. थुंकी तपासतात ती टीबीवाल्यांची. तुझ्यासमोर जो येऊन बसंल त्याच्या पोरीचं जमलेलं लगीन संध्याकाळपर्यंत मोडंल."

मनवा बाहेर येऊन फलकाकडे बघतच राहिली. लाळ म्हटलं तर लोकांना तान्ही मुलं आठवतील, साधा शब्द हवा, म्हणून तिने विचार करकरून 'थुंकी' लिहिलं होतं. गणपतकाकांनी कपाळाला हात लावला. "माझ्यापण डोक्यात नाय आलं," ते पुटपुटले आणि स्टूल शोधायला गेले.

"दातांचं लिव," बाईने हुकूम सोडला. "दात दाखवायला कोणाची ना नाय."

गणपतकाकांनी फलक उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर मार्करने ठसठशीत लिहिलं: 'दात मोफत पाहून मिळतील'. तो परत बांधेपर्यंत बाई खुर्चीत बसून तोंड उघडून मोकळी झाली होती.

सखुबाई तिचं नाव. लालबागच्या बाजारात तिचा मासळीचा धंदा. सोमवारी गिऱ्हाईक कमी म्हणून आज ती घरी होती. मनवाने आरसा आत घातला, बॅटरी मारली आणि मोजायला लागली. तीस. साठीपलीकडच्या तोंडात तीस दात, एकालाही कीड नाही.

"आजी, कमाल आहे तुमची."

"माझी बग, आणि आता त्या चोराची बग," सखुबाई म्हणाली. गॅलरीकडे तोंड करून तिने हाक मारली. ती अशी की समोरच्या चाळीतली माणसंही डोकावली. "अवो! खाली या!"

विठोबा आले. सत्तरीचे, उंच, सडसडीत, हाडापेराने मजबूत. बोटीवर खलाशी म्हणून हयात गेलेली. आता ते घरी बसून लोकांची फाटलेली जाळी शिवून देत. मनवाकडे बघून ते हसले, पण ओठ मिटूनच. तोंड उघडल्यावर मनवाला कारण कळलं. अकरा दात उरले होते आणि त्यातलेही चार हिरडीपाशी काळे पडलेले.

"साखर खातो," सखुबाईने जाहीर केलं. "चोरून. बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. पयल्या नारळीपौर्णिमेला करंज्यांचं सारण कमी भरलं, तवाच मी वळखलं. तवापास्नं घरात साखरेच्या डब्याला कुलूप. याला चा बिनसाखरेचा. तरी दात पडतातच. म्हंजे कुठनं तरी खातोच ना?"

"नाय खात," विठोबा म्हणाले. दोनच शब्द. जन्मभर रोज म्हटलेले, त्यामुळे गुळगुळीत झालेले.

मनवाने भांडणात पडायचं टाळलं. दोघांचंही पहाटेच्या चहानंतर काही खाणं झालं नव्हतं, तेव्हा नमुना घ्यायला हरकत नव्हती. तिने समजावून सांगितलं. पाच मिनिटं गप्प बसायचं. मान खाली घालायची. थुंकायचं नाही, आपोआप येईल ती लाळ नळीत गळू द्यायची.

दीड मिनिट झालं नाही तोच सखुबाईने नळी बाजूला केली. "काल धक्क्यावर बोंबील काय आले होते म्हायतीये? असे लुसलुशीत, काचेसारखे. रव्यात घोळवून टाकले की..."

विठोबांच्या नळीत एकदम धार लागली. दारात जमलेल्यांपैकी दोघांनी आवंढा गिळला.

"आजी!" मनवा ओरडली. स्वतःचा एवढा मोठा आवाज तिने बऱ्याच वर्षांनी ऐकला. "खाण्याचं बोलायचं नाही! तोंडाला पाणी सुटलं की मोजमाप बिघडतं. चला, पहिल्यापासून."

नव्या नळ्या निघाल्या. सखुबाईला भिंतीकडे तोंड करून बसवलं. गणपतकाका घड्याळ धरून उभे राहिले. पाच मिनिटांची ती शांतता चाळीला नवीनच होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी "सखुबाई बरी हाय ना?" म्हणून विचारूनही गेलं.

नमुने बर्फात गेले. मोजणी कॉलेजच्या यंत्रावर व्हायची होती. पण लोकांना समजावं म्हणून गुप्ते सरांनी एक सोपा खेळ शिकवून ठेवला होता आणि दारात आता पंधरा-वीस माणसं उभी होती. मनवा उठली.

दोन ग्लासांत तिने भाताची पातळ पेज ओतली. एका पांढऱ्या बशीत आयोडीनचे पिवळट थेंब ओळीने ठेवले. "आयोडीनला पीठ भेटलं की ते निळं-काळं होतं," ती म्हणाली आणि पेजेचा एक थेंब टाकून दाखवला. थेंब शाईसारखा झाला. "आता या ग्लासात आजींची उरलेली लाळ, या ग्लासात आजोबांची. लाळ पिठाला फोडते. पीठ संपलं की थेंब निळा होणार नाही."

दर मिनिटाला ती दोन्ही ग्लासांतला एकेक थेंब बशीत टाकत गेली. पहिल्या मिनिटाला दोन्ही निळे. दुसऱ्याला दोन्ही निळे. तिसऱ्याला विठोबांचा थेंब जरा फिका, तपकिरी. चौथ्याला तो पिवळाच राहिला. सखुबाईचा थेंब आठव्या मिनिटालासुद्धा निळाच होता.

"म्हाताऱ्याने पैज मारली!" दारातून कुणीतरी ओरडलं.

"थांबा," सखुबाई म्हणाली. ती बशीवर वाकली होती. "पीठ गेलं, बरं. पण गेलं कुठं?"

हा प्रश्न मनवाला दादरच्या सतरा जोडप्यांपैकी एकानेही विचारला नव्हता. "त्याची साखर झाली, आजी. आपण खातो ती नव्हे, पण तिच्याच जातीची. भाकरी खूप वेळ चावली की गोडसर लागते ना, तीच. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात जंतू राहतात. त्यांना ही साखर मिळाली की ते तिचं आंबट करतात, आणि त्या आंबटाने दात झिजतो, किडतो."

"म्हंजे साखर तोंडातच तयार होते?"

"हो."

"डब्यातली न खाता?"

"डब्यातली न खाता."

खोलीत सगळे सखुबाईकडे बघायला लागले. विठोबा मात्र जागचे उठले. ते सावकाश ताठ उभे राहिले, शर्ट खाली ओढला, आणि आजच्या दिवसात पहिल्यांदाच तोंड भरून, अकराच्या अकरा दात दाखवत हसले.

"बेचाळीस वर्षं," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं मी हिला सांगतोय, नाय खात म्हणून."

टाळ्या पडल्या. गणपतकाकांनी तर त्यांच्याशी हात मिळवला. मनवा घाईघाईने मध्ये पडली. "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हां. हा नुसता नमुना. नुसत्या लाळेने दात किडत नाहीत, पीठ तोंडात राहायला तर हवं. आजोबा, दिवसभर तुमच्या तोंडात काय असतं?"

"काय नाय."

"तंबाखू?"

"कधी शिवलो नाय."

"सुपारी, गोळी, काहीतरी?"

विठोबांनी डोकं खाजवलं. "टोस्ट असतो."

"टोस्ट?"

"कडक टोस्ट. फिका. बोटीवर होतो तवाची सवय. जाळं टाकलं की तास-तास बसून राहायचं. मग तुकडा गालात ठेवायचा. तो विरघळत राहतो. एक संपला की दुसरा. आता जाळी शिवतानापण तसंच."

"दिवसाला किती?"

"आठ. दहा. ही देते ना डब्यात भरून."

आता खोली पुन्हा सखुबाईकडे वळली. सखुबाईच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली होती. "साखर खाऊ नये म्हणून देत होते," ती म्हणाली. "बेकरीवाल्याला बजावून सांगायची, गोड नको, फिकाच दे. पाऊस असो, काय असो. याला गोडाची आठवण होऊ नये म्हणून..." ती खुर्चीत मागे टेकली. "म्हंजे मीच याचे दात खाल्ले?"

मनवाने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो सखुबाईने हाताने दूर सारला.

विठोबा बायकोजवळ जाऊन उभे राहिले. "सखू, तीन-तीन दिवस नुसतं पाणी दिसायचं चहूकडं. तवा तोंडात तूच दिलेलं कायतरी असायचं. तेवढ्यावर मी परत यायचो. दात गेले तर गेले."

दारात बायकांमध्ये हलकी कुजबुज झाली, मग हशा. सखुबाईने डोळे पुसले आणि त्याच पदराच्या टोकाने नवऱ्याच्या दंडावर एक फटका दिला. "लोकांसमोर काय बोलतो!" पण ती हसत होती आणि तीसही दात दिसत होते.

"आता चा," विठोबा म्हणाले. "साखरेचा. चार चमचे."

"नाही, नाही!" मनवा दोन्ही हात वर करून धावली. "आजोबा, आता सुरू नका करू! उरलेले अकरा वाचवायचेत मला!"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं असं: दिवसातून एक कप, अर्धा चमचा साखर, तोही जेवणाबरोबर, आणि मागोमाग खळखळून चूळ. गालातला टोस्ट बंद. आजच्यापुरती जेवणाची अट सोडून सखुबाईने लगेच वर जाऊन तो एक कप करून आणला. विठोबांनी तो उभ्यानेच प्यायला, फुंकर मारत, अजिबात घाई न करता.

नंतर जे झालं त्याची मनवाने कल्पनाही केली नव्हती. प्रत्येक घरात असलाच एखादा जुना खटला पडून होता. कमलाबाई नावाच्या एक बाई नवऱ्याला मनगट धरून घेऊन आल्या. "यांचं बघा. हे म्हणतात मी पेढे खात नाही." पाठोपाठ दुसरी, तिसरी. दोन नवरेही बायकांना घेऊन आले. लाळेवरून कुणी पेढा खाल्ला ते कळत नाही, हे मनवा प्रत्येकाला सांगत राहिली आणि प्रत्येक जण "ते जाऊ द्या, तुम्ही घ्या तर खरं" म्हणत मान खाली घालून बसत राहिला. नाश्ता न झालेले लगेच बसले, झालेले दुसऱ्या दिवशी सात वाजता हजर. हवी होती तीन जोडपी, मिळाली अकरा. दुसऱ्या दिवशी दुपारी मनवाच्या लक्षात आलं, की आपण दोन दिवस न थांबता अनोळखी माणसांशी बोलतोय आणि घसा बोलून बोलून बसलाय, भीतीने नव्हे.

महिन्याभराने आकडे हाती आले. गुप्ते सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद तिच्याकडे सरकवले. "मनवा, एन्झाइम आणि कीड यांचा सरळ संबंध तुझ्या आकड्यांत दिसत नाही."

तिचा चेहरा पडला. तिने स्वतःही बघितलं. जलद लाळेची पण ठणठणीत दातांची माणसं होती. मंद लाळेची आणि कवळी लावलेलीही होती. मात्र एक रकाना बोलत होता: दिवसातून किती वेळा तोंडात काही असतं. जे सतत काहीतरी चघळत, त्यांचे दात जास्त किडलेले.

"अठ्ठावीस जोडप्यांवरून जगाला काही सांगता येत नाही," सर म्हणाले. "पण जे आढळलं नाही, तेही लिहायचं असतं. नीट लिही."

"सर, पण मी घोडपदेवला लोकांसमोर तो प्रयोग केलाय. त्यांना वाटतंय, सगळा दोष लाळेचा."

"मग तिथेही नीट सांग."

पुढच्या सोमवारी मनवा पुन्हा घोडपदेवला गेली. या वेळी कोट घातला नव्हता. विठोबा गॅलरीत जाळं पसरून बसले होते, सखुबाई शेजारी लसूण सोलत होती. मनवाने धीर करून सांगितलं, की आपण त्या दिवशी बोललो त्यात आता भर घालायला हवी. लाळ एकटी दोषी नाही. ती तिचं काम करते, जेवण पचवायला तीच सुरुवात करते, आणि दात धुऊन आंबट घालवायचं कामही तिचंच. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत गालात टोस्ट ठेवला तर धुवायला तिला उसंतच मिळत नाही.

"म्हंजे निकाल फिरला?" सखुबाईने विचारलं.

"साखर चोरल्याचा? नाही आजी. माझ्याकडे तसा पुरावाच नाही. आजोबा निर्दोष ते निर्दोषच."

"आणि मी?"

"हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आजी. मलासुद्धा कॉलेजात गेल्यावर कळलं. तुम्ही साखर टाळली ती बरोबरच टाळली."

सखुबाईने लसणाची पाकळी बघत मान हलवली. ते तिला पटलं असावं, कारण लगेच तिने विचारलं, "मग नवे दात कधी बसवतेस याला?"

चार काळे दात भरून, हिरड्या साफ करून, मापं घेऊन सगळं व्हायला पावसाळा गेला. ज्या दिवशी विठोबांना कॉलेजात कवळी बसवली, त्या दिवशी मनवा त्यांना आरसा धरून दाखवत होती आणि सखुबाई बाहेर रांगेतल्या रोग्यांना चूळ कशी भरायची ते सांगत होती. गुप्ते सर तिथून जाताना थांबले, दोन मिनिटं ऐकलं, आणि पुढे गेले.

"आजोबा, आजपासून आठवडाभर मऊ खायचं," मनवाने बजावलं. "खिचडी, पेज. कडक काही नाही."

विठोबांनी आज्ञाधारकपणे मान हलवली.

दुपारच्या सुट्टीत मनवा डबा घेऊन अंगणात आली, तर दोघं झाडाखालच्या बाकावर बसलेले. मध्ये स्टीलचा मोठा डबा उघडलेला आणि आत लालभडक रश्शात चिंबोऱ्या.

"आजोबा! मऊ म्हटलं होतं मी!"

"आतनं मऊच असते गो," सखुबाई म्हणाली. तिने कवचं घरूनच फोडून आणली होती आणि आतलं पांढरं मांस बोटाने काढून एकेक घास नवऱ्याच्या हातावर ठेवत होती. विठोबा डोळे मिटून चावत होते, डावीकडे, मग उजवीकडे, नवीन बोट पाण्यात घातल्यावर खलाशी आधी सगळीकडून अंदाज घेतो तसे.

"कसं वाटतंय?" मनवाने विचारलं.

विठोबांनी बोट वर केलं, म्हणजे थांब. घास संपवला. "उजवीकडं जरा टोचतंय."

"बघते मी, घासून देते."

"नंतर," सखुबाई म्हणाली आणि बाकावर सरकून जागा केली. "आधी बस. डब्यात काय आणलंयस? भेंडी? ठेव ती बाजूला."